तारक काय न्हाई

खोट शिफात निघाली, तर अख्तरबींचा फायदाच फायदा होता. एक तर मुलाचं नाव स्वच्छ राहणार होतं. साताऱ्याची चष्मेवाली मास्तरीण करू नका, असं त्यांनी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं, ते खरं ठरणार होतं. आणि आपलं म्हणणं खरं ठरण्याइतका मोठा नफा अख्तरबींच्या लेखी दुसरा कुठलाच नव्हता. शिवाय जिच्यात खोट, तिचा आवाज घरात आपोआप खाली येतो. शिफाचा आवाज दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवून शिकवून जरा वरच लागलेला होता.

नुकसानीच्या बाजूला त्यांनी काही धरलंच नव्हतं. नातवंड होत नव्हतं हे खरं. पण खोट कुणाचीही असली तरी ते होत नव्हतंच. मग ती सुनेच्या नावावर टाकायला काय जातंय?

घर सांगलीत, मार्केट यार्डाच्या अलीकडच्या गल्लीत. खाली गाद्यांचं दुकान, वर राहायची जागा. पिढीजात पिंजारी माणसं. कापूस पिंजायला आता यंत्र आलंय, पण गादी ताणून टाके घालायला अजून माणसंच लागतात. दुकान मुलगा यासीन बघायचा. शिफा त्याची बायको.

लग्न झालं त्या वर्षी अख्तरबींनी सावरीच्या कापसाची एक हातभर गादी स्वतः भरली होती, होणाऱ्या नातवासाठी. दर ईदेला ती पेटीतून काढून गच्चीवर उन्हात घालायच्या. सगळ्या गल्लीला दिसायची. दिसावी म्हणूनच घातलेली असायची.

"साताऱ्याची गादी राजाची, आमची कापसाची," त्या शिफाला म्हणायच्या. "वारस दोनीला लागतो, दुल्हन."

शिफा माहेराहून परत आली की पेढ्यांचा पुडा सासूच्या हातात द्यायची. अख्तरबी पुडा घ्यायच्या, झाकण उघडून बघायच्या, आणि विचारायच्या, "आन?"

त्या एका 'आन'मध्ये लग्नात न आलेलं कपाट असायचं, शिलाई मशीन असायची, आणि अलीकडं सगळ्यांच्या वर नातू असायचा. शिफा म्हणायची, "आन काय न्हाई अम्मी, कंदी पेढेच हायत." कळून न कळल्यासारखं करायची ही तिची पद्धत. अख्तरबींना ती बरोबर कळायची.

डॉक्टरी उपाय दोन वेळा करून झाला होता. पोटात रोज सुया घ्यायच्या, बीजं वाढवायची, भूल देऊन ती काढायची, मग काचेच्या ताटलीत यासीनच्या बीजाशी त्यांची गाठ घालून द्यायची. गाठ पडायची. पण तिथून पुढं एकाचे दोन काही व्हायचे नाहीत. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा डॉक्टर सुहासिनीबाईंनी यासीनचं बीज तपासायला मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर आलं त्या दिवशी नवरा-बायकोला बोलावून घेतलं. अख्तरबी न बोलावता आल्या.

सुहासिनीबाई मराठी शाळेत शिकलेल्या. पेशंटबरोबर सासू असली की त्या इंग्रजी बाजूला ठेवून शाळेतले शब्द काढायच्या. त्यांचा हेतू चांगला होता, हे पुढं जे झालं त्यावरून कुणाला वाटणार नाही, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

"असं बघा काकू," त्या म्हणाल्या, "एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आतला माल दोन टोकांना ओढून सारखा वाटावा लागतो. ते धागे बांधायचं आणि दोन टोकं धरायचं काम करतो तो तारककाय."

"मी बी तेच इच्यारते," अख्तरबी म्हणाल्या. "तारक काय?"

"हो, तारककाय."

"व्हय, पर काय?"

शिफानं ओढणी तोंडावर धरली. शाळेत ती हाच धडा दर वर्षी शिकवायची. दोन मुलींना वर्गाच्या दोन टोकांना उभं करायची, मध्ये रंगीत ओढण्या, दोघींनी आपापल्या बाजूला ओढायच्या. "तुम्ही दोघी तारककाय," असं म्हटलं की मागच्या बाकावरून हटकून आवाज यायचा, "बाई, आनी आमी काय?"

"नावच तसं आहे त्याचं," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "तर मुद्दा असा, की स्त्रीबीजात तारककाय नसतो..."

एवढ्यात अख्तरबींचा फोन वाजला. कवठे महांकाळहून त्यांची लेक नूरीन बोलत होती. तिला दिवस गेलेले, सातवा महिना जवळ आलेला. लेकीचा फोन म्हटल्यावर अख्तरबी उठल्या आणि "हां बोल गं, आवाज येतोय का?" असं ओरडत बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

राहिलेलं वाक्य त्यांच्या माघारी पुरं झालं.

"...कुठल्याच बाईच्या बीजात नसतो. बीज तयार होता होताच तो मोडीत निघतो. बाकी सगळा संसार बाईच्या बीजात भरलेला असतो, ही एकच वस्तू नवऱ्यानं आणायची असते. शुक्राणूच्या मानेत तारककाय बसलेले असतात. यासीन, तुमच्यात शेपटाकडचा बरा आहे, म्हणून ते पोहतात, दिसायलाही ठीक दिसतात. त्यामुळं दोन खेपा आम्हीही तिकडं बघितलं नाही, ते आमचं चुकलं. पण पुढचा अर्धवट आहे. तिन्ही वेळा गाडी तिथंच अडली असणार."

"औषध?" यासीननं विचारलं.

"आज तरी नाही. दुसऱ्या कुणाचं बीज घ्यायचं..."

"ते न्हाई," यासीन म्हणाला. शिफानंही मान हलवली. त्यांच्यात ते बसत नव्हतं, आणि एवढ्या बाबतीत दोघांचं एकमत होतं.

"मग थांबायचं. चौथ्यांदा केलंत तर माझ्या मते तेच होईल, आणि सुया हिला परत घ्याव्या लागतील."

"थांबू मग," शिफा म्हणाली. यासीननं रिपोर्टाची घडी घालून खिशात टाकली.

रिक्षात अख्तरबी मधोमध बसल्या. रिक्षा हलली तशी त्यांनी निकाल दिला.

"ऐकलं म्या सगळं. बाईच्या बीजात तारक काय न्हाई. म्हंजी तारंल असं आत कायबी न्हाई."

शिफानं सासूच्या डोक्यावरून यासीनकडं बघितलं. यासीन बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची पाटी वाचत होता. लहानपणापासून पाठ असलेली पाटी.

"अम्मी, तुमी अर्धंच ऐकलंत."

"अर्ध्यात कळतंय मला. शाळा न शिकता कळतंय."

"यासीन, सांगा की."

"घरी गेल्यावर बघू," यासीन म्हणाला.

घरी गेल्यावर त्यानं दुकान बघितलं. यासीन खोटं बोलला असं कुणाला म्हणता येणार नाही. खोटं बोलायला निदान तोंड उघडावं लागतं. त्यानं तेवढीही तोशीस घेतली नाही. आईच्या ऐकण्यात चूक झाली होती, ती त्याच्या सोयीची होती, ती त्यानं जागच्या जागी राहू दिली.

समोर साळूबाईंची पिठाची गिरण. तिथं दळणाबरोबर बातमीही बारीक होऊन निघायची. अख्तरबींनी ज्वारीचा डबा ठेवता ठेवता सांगितलं, आणि दोन दिवसांत गल्लीतल्या बायका शिफाकडं बघून मान तिरकी करायला लागल्या. शाळेतल्या शिपाईणबाईनंसुद्धा विचारलं, "बाई, तारक काय न्हाई म्हंजी काय हुतं वं?"

त्या दिवशी शिफानं यासीनला गच्चीवर गाठलं. तो कापसाची पोती मोजत होता.

"अम्मीला कवा सांगताय?"

"राहू दे की गं. तिला काय कळायचं न्हाई. मी काय म्हणतो, मिरजेला दुसरा दवाखाना हाय. नाव नोंदवून आलोय. चौथ्यांदा करून बघू."

"तिथं काय नेणार? तुमचंच न्हवं?"

यासीन पोत्याची शिवण चाचपू लागला. "शिफा, दुकानात चार माणसं येत्यात. गादीवाल्याची गादी रिकामी म्हणून आधीच चेष्टा करत्यात. त्यात हे कळलं तर मला गल्ल्यावर बसता येईल का?"

"आन मला शाळेत उभं राहता येतंय?"

"तू बाईमाणूस हाईस, तुला सवय..." तो थांबला.

"पुरं करा की. सवय हाय, व्हय. सुयांची हाय. खोट तुमची, भोकं माझ्या पोटाला. तवा बी मी कुणाला काय म्हणले न्हाई. आता नाव बी माझंच लावायचं?"

"फकस्त अम्मीपुढं म्हण, माझ्यात हाय म्हणून. मी तुला जन्मात काय कमी पडू देणार न्हाई."

"हे म्हणणार न्हाई," शिफा म्हणाली. "आन चौथी सुई घेणार न्हाई. मिरजेला जायचं तर एकटं जावा."

यासीननं तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात बेरीज केली. शिफा शिकलेली आहे. शिकलेल्या बायका चारचौघांत असलं काही बोलत नाहीत. म्हणजे ही गप्प राहणार, नावही तिच्याकडंच राहणार, आणि ते एकदा अंगवळणी पडलं की चौथ्या खेपेलाही तयार होईल. शिकलेल्या बायकांबद्दल अशी बेरीज बरेच जण करतात.

नूरीनचा सतवासा तिच्या माहेरी करायचा ठरला. सातव्या महिन्यात लेकीची गोद भरायची, गल्लीला जेवण घालायचं. पुरुषांची बसायची सोय खाली दुकानात, गाद्यांवरच. बायका वर.

"दुल्हन, तू खाली बिर्याणीकडं बघ," अख्तरबी सकाळीच म्हणाल्या. "वर लय गर्दी हुईल."

गर्दीचं कारण खोटं आहे हे दोघींना माहीत होतं. जिची कूस भरली नाही, तिनं गोद भरणाऱ्या बायकांत यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिफा खाली गेली.

वर नूरीनला हिरव्या साडीत बसवलं. बायकांनी एकेक करून नारळ, खारका, फळं तिच्या पदरात टाकली. नूरीन दर वेळी दाराकडं बघून विचारायची, "भाभी कुठाय?" आणि कुणीतरी म्हणायचं, "यील गं." शेवटी तिनं खालीच हाक मारली. शिफा हातात डाव घेऊन जिना चढून दारात आली, तेव्हा अख्तरबींनी पेटी उघडलेली होती. ती हातभर गादी त्यांनी नूरीनच्या मांडीवर ठेवली.

"ही आता तुझ्या बाळाला. हितं वापरणारं कोण न्हाई. आमच्या दुल्हनच्या बीजात तारक काय न्हाई, डागदरीणनंच सांगितलं माझ्यासमोर."

बायकांनी तोंडानं च् च् केलं. काहींनी शिफाकडं बघितलं, काहींनी बघायचं टाळलं. साळूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या वं अख्तरबी, आजच्या दिवशी."

"साळूमावशी, बोलू द्या त्यास्नी," शिफा दारातून म्हणाली. "अम्मी म्हणत्यात ते अक्षर न् अक्षर खरं हाय."

अख्तरबींना हे इतक्या सहज मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या पदर सावरून बसल्या.

"माझ्या बीजात तारककाय न्हाई," शिफा आत येत म्हणाली. "नूरीनच्या बी न्हाई."

नूरीननं पोटावर हात ठेवला. "या अल्ला. भाभी!"

"अम्मी, तुमच्या बी कवा नव्हता. साळूमावशी, तुमच्या बी."

"आगं ए बाई!" साळूबाई ताडकन उठल्या. "माझी चार हायत! चार!"

"चारी वेळा काकांनी आणला."

"ह्यांनी? काय आणलं ह्यांनी? जन्मात कोथिंबिरीची जुडी आणली न्हाई!"

सगळ्या खोलीत हसू फुटलं. अख्तरबींच्या तोंडावर तेवढं आलं नाही. शिफानं डाव कोपऱ्यात ठेवला, हात पुसले, नूरीनच्या मांडीवरची गादी उचलली आणि एक टोक साळूबाईंच्या हातात दिलं.

"ओढा."

साळूबाईंनी ओढलं. दुसरं टोक मोकळंच होतं. गादी फरफटत त्यांच्याकडं गेली.

"अम्मी, असा टाका बसतो का वं?"

काही झालं तरी अख्तरबी पिंजाऱ्याच्या घरच्या. धंद्यातलं वाकडं त्यांना बघवायचं नाही. "ताणल्याबिगर टाका बसतो व्हय?" त्या फटकन म्हणाल्या. "दोन टोकाला दोन माणसं पायजेत की."

"तेच डॉक्टरबाई सांगत होत्या, तुमी फोनवर गेल्यावर. बाईच्या बीजात सगळं असतंय. कोठार असतंय, चूल असतीया, पाणी असतंय. टोकं धरून ताणणारा तेवढा नसतोय. त्याचं नाव तारककाय. त्यो नवऱ्याकडनं यायचा. आत आला की एकाचे दोन हुतात, दोन टोकाला उभं ऱ्हात्यात, मग गाडी पुढं जाती." शिफाचा आवाज आता वर्गातल्यासारखा शेवटच्या बाकापर्यंत जात होता. "सात वर्षं तुमी मला इच्यारताय, साताऱ्याहून काय आणलंस. मी सगळं आणलं हुतं अम्मी. एक वस्तू सांगलीतनं यायची हुती. ती आली न्हाई."



"खोटं," अख्तरबी म्हणाल्या. मग मोठ्यानं, "यासीन! ए यासीन, वर ये!"

यासीन प्लेटांची चळत दोन्ही हातांत धरून वर आला आणि दारातच उभा राहिला. एवढ्या बायका एकदम त्याच्याकडं बघतायत असं त्याच्या लग्नातही झालं नव्हतं.

"डागदरीण काय म्हणाली? सांग हिला."

यासीननं शिफाकडं बघितलं. सकाळपर्यंत बरोबर वाटणारी बेरीज इथं चुकली, हे त्याच्या लक्षात आलं. "शिफा, हे आपण घरी बोलू."

"घरीच हाय की आपण."

"अगं पण लोकांत..."

"लोकांत अम्मींनी काढलं. मी खाली बिर्याणी बघत हुते."

तो गप्प. गप्प राहणं त्याला आजवर नेहमी परवडलं होतं. शिफा त्याच्यापुढून हलली नाही. तिनं त्याला मदत करणारा एकही शब्द टाकला नाही, आणि सात वर्षांत ती असं पहिल्यांदाच करत होती.

शेवटी नूरीनच बोलली. "भाईजान, व्हय का न्हाई, एवढं सांगून टाक. पोटातलं लाथा मारतंय, मला जेवायचंय."

"व्हय," यासीन म्हणाला.

"काय व्हय?" अख्तरबींनी विचारलं.

"ती म्हणती ते बरोबर हाय, अम्मी. माझ्यात हाय."

आणि तो वळून खाली गेला. प्लेटा ठेवायच्या राहिल्या. त्या तशाच परत खाली गेल्या.

नूरीननं पदर पुढं पसरला. "भाभी, आता तुमी भरा माझी गोद."

"आगं पर..." अख्तरबी म्हणाल्या.

"पर काय, अम्मी? तारककाय तुला बी नव्हताच की!"

शिफानं नारळ उचलला, त्यावर मूठभर खारका घेतल्या आणि नणंदेच्या पदरात घातल्या. मग बायकांच्या रांगेत, बरोबर मधोमध, जागा करून बसली. बिर्याणीकडं कोण बघतंय, असं तिला कुणी विचारलं नाही. खालून करपल्याचा वास आल्यावर साळूबाई स्वतःच उठून गेल्या.

शाळेला सुटी लागली तशी शिफा साताऱ्याला गेली. जाताना तिनं भांडण केलं नाही, परत कधी येणार तेही सांगितलं नाही. "मिरजेचं नाव जोवर यादीत हाय तोवर मी हितं न्हाई," एवढंच यासीनला म्हणाली.

आठवड्यानंतर यासीन एसटीनं साताऱ्याला आला. शिफानं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"सांगलीहून काय आणलंत?"

यासीननं पिशवी पुढं केली. "हळद हाय. नव्या मालाची. चांगली पिवळीधमक."

शिफानं पिशवी घेतली, तोंड उघडून बघितलं, आणि विचारलं, "आन?"

यासीनला हा 'आन' कुठं ऐकलाय ते आठवलं. त्यानं खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि परत वर घेतला.

"मिरजेचं नाव काढून आलो."

"आन?"

"साळूबाईच्या गिरणीत सांगितलं. रांग लागली हुती तवा. माझ्यात हाय, तिच्यात काय न्हाई म्हणून. मशीन बंद करून ऐकलं सगळ्यांनी."

"अम्मी?"

"माझ्याशी बोलत न्हाई. काल दळण घेऊन मलाच पाठवलं. स्वतः गेली न्हाई."

शिफानं हळदीची चिमूट बोटांत घेऊन चोळली. "ह्या हळदीत बी तारककाय नसतो, ठावं हाय का तुमाला? झाडांना लागतच न्हाई. त्यांची टोकं ती दुसऱ्या तऱ्हेनं धरत्यात. तरी तुमच्या सांगलीचा सगळा बाजार तिच्यावर उभा हाय."

"मग आपलं बी तसंच म्हणायचं का?" यासीननं जपून विचारलं.

"आपलं काय म्हणायचं ते मी ठरवीन. या आत. चप्पल बाहेर."

आता कुणाला काय भरावं लागलं ते बघू. अख्तरबींचा एकही फायदा पदरात पडला नाही. वर सावरीची गादी गेली. तिच्यावर नूरीनची मुलगी हल्ली पाय झाडते. शिफा पेढे घेऊन आली की अख्तरबी पुडा घेतात, उघडतात आणि काही न विचारता वाटायला देतात. यासीननं आपलं नाव भरलं. ते बायकोनं ओढून काढलं, हे खरं. पण गिरणीत ते त्यानं स्वतःच्या हातानं ठेवलं, तेवढी सूट त्याला द्यावी लागते. महिनाभर गिऱ्हाइकं गाद्यांवरून चेष्टा करत होती, मग त्यांना दुसरं काही सापडलं. डॉक्टरबाईंना एक मराठी शब्द भरावा लागला; सासू समोर असली की त्या आता तो वापरत नाहीत.

तिन्ही खेपांच्या सुया, भूल आणि नंतरचं पडून राहणं एकट्या शिफानं भरलं. ते तिला परत करायची कुणाचीच ऐपत नाही, आणि तिनं कुणाला तसं मागितलंही नाही. चौथी खेप मात्र तिनं भरली नाही.